अक्कामावशीचा डबा

डॉक्टरांनी आईला रोज चालायला सांगितलं, तेव्हा आम्हा सगळ्यांना हसू आलं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आई सोडून दुसरं चालत कोण होतं? नळ गल्लीच्या तोंडाशी, तिथून घागरी आणायच्या. दळण काखेत घेऊन गिरणीत जायचं. माळवदावर वाळवण असलं की दिवसातून चारदा तो अरुंद जिना चढायचा. दादा, म्हणजे माझे वडील, सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत कारकून होते आणि सायकलने जात-येत. मी शाळेतून आले की पुस्तक तोंडासमोर धरून आडवी व्हायची. चालायचं औषध खरं तर आम्हा दोघांना द्यायला हवं होतं. पण डॉक्टर हसले नाहीत. घरातलं चालणं हे चालणं नव्हे, म्हणाले. एका दमात तासभर, हात मोकळे सोडून, दम लागेपर्यंत. चहातली साखर बंद, भात बंद, भाकरी चालेल. आणि चालणं रोज म्हणजे रोज. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

घरी येईपर्यंत आमचं हसू ओसरलं, कारण आईला अक्कामावशी आठवली. अक्कामावशी ही आईची थोरली बहीण, मंद्रूपला शेतात राहायची. तिलाही साखरच होती, पण ते कळलं तोवर उशीर झाला होता. टाचेत बाभळीचा काटा मोडला, तिने तो सुईने काढला, वर हळद दाबली आणि खुरपायला गेली. टाच काही बरी झाली नाही. शेवटी डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तेव्हा आई महिनाभर तिच्या उशाशी होती. परत आल्यावर त्याबद्दल ती कधी बोलली नाही, पण स्वतःच्या साखरेचं कळल्यापासून तिला एक चाळा लागला. सकाळचं ऊन उंबऱ्यावर आलं की ती तिथं बसायची, पाय मांडीवर घ्यायची आणि तळवा उन्हाकडे वळवून न्याहाळायची. आधी उजवा, मग डावा. मी विचारलं की म्हणायची, भेगा बघते. मी चौदा वर्षांची होते, काही कुक्कुलं बाळ नव्हते. आईला भीती बसली होती, हे मला कळत होतं.

आता चालायचं कसं? आमच्या आताच्या कॉलनीतल्या बागेत पहाटे बायकांची एवढी गर्दी असते की पुरुषांना बाकावर जागा मिळत नाही. त्या बायकांना मी हे सांगते तेव्हा त्यांना ते माझ्या कल्पनेतलं वाटतं. पण तेव्हा फिरायला जायचे ते पुरुष. तालमीतले पैलवान जायचे, कोटटोपी घातलेले पेन्शनर जायचे. बाईला घराबाहेर पडायचं तर कारण लागायचं. देऊळ, दळण, बाजार, कुणाची बाळंतीण. आणि ते कारण गल्लीला सांगावं लागायचं, कारण गल्ली विचारायची. कट्ट्यावर ज्वारी निवडत बसलेली प्रत्येक बाई मान वर करून म्हणायची, “कुठं निघालात?” यात खोचकपणा काही नसे. न विचारणं हेच तुसडेपणाचं समजलं जाई. पहिल्या दिवशी आई पदर खोचून निघाली आणि पिठाच्या गिरणीचा कोपरा येईपर्यंत चौघींनी तिला विचारलं. आईला खोटं बोलता येत नव्हतं आणि ‘चालायला’ असं म्हणायची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती. चौथीला ती म्हणाली, दळण झालं का बघून येते. आम्ही दळण टाकलेलंच नव्हतं. ती कोपऱ्यावरून परत आली आणि पाणी पिऊन भाकरी थापायला बसली.

तोड तिनेच काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला हलवून उठवलं तेव्हा तिच्या हातात दादांचा जुना पितळी डबा होता, एकावर एक बसणाऱ्या तीन ताळींचा. हातात डबा असलेल्या बाईला कोण काय विचारणार? डबा म्हणजे कुणाला तरी पोचवायचा असणार, कुणीतरी उपाशी वाट बघत असणार. झालंही तसंच. कमळाकाकू, म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या, सडा टाकत होत्या. त्यांनी डब्याकडे बघितलं, मान हलवली आणि आम्हाला वाट दिली. फक्त डबा रिकामा असल्यामुळे वाजत होता. गल्लीभर खडखडाट ऐकून माझ्या अंगाला घाम सुटला. तिसऱ्या दिवसापासून आईने खालच्या ताळीत ज्वारी भरली आणि वरच्या दोन्हींत जुन्या लुगड्याचे तुकडे कोंबले. मग डबा गप्प झाला आणि आम्ही रोज चालायला लागलो.

पहाटेचा पहिला भोंगा झाला की निघायचं. कापडगिरणीच्या त्या भोंग्यावर सगळं सोलापूर उठायचं. आता गिरण्याही नाहीत आणि भोंगाही नाही, पण त्या वेळेला माझे डोळे आजही आपोआप उघडतात. दारादारांत चुली पेटलेल्या असत, गोवऱ्यांचा धूर गल्लीत खाली उतरलेला असे, कुणाच्या तरी घरून भाकरी थापल्याचा आवाज येई. पुढे साळ्यांच्या घरांवरून जाताना माग सुरू झालेले असत आणि आतून बायका तेलुगूत पोरांवर ओरडत असत. सात रस्त्यापर्यंत जायचं, तिथल्या टांग्यांच्या अड्ड्याला वळसा घालायचा आणि परत फिरायचं. मी झोपाळू होते. रोज माझं एकच, आई, आज नको. आईने माझ्यापुढे कधी सात रस्त्याचं नाव काढलं नाही. ती म्हणायची, “नुसत्या चपला घाल. कोपऱ्यापर्यंत जाऊ, मग बघू.” कोपऱ्यापर्यंत कोणीही जाऊ शकतं. आणि कोपऱ्यावर पोचल्यावर झोप उडालेली असायची, मग परत कशाला फिरायचं? हल्ली माझी नात मनगटावरच्या घड्याळात पावलं बघते आणि महिन्याचे संकल्प करते, ते पहिल्या आठवड्यातच बारगळतात. मी तिला सांगते, अगं, संकल्प सोड आणि चपला घाल. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघते.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. आई हलकी झाली, जिना चढताना धापा टाकेनाशी झाली. आणि मग एका सकाळी कमळाकाकू सडा टाकायच्या थांबल्या, आत गेल्या आणि झाकलेलं पातेलं घेऊन आल्या. त्यात गरम मऊ भात होता, वर तुपाची धार आणि मेतकूट. “अक्कांना द्या,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “दवाखान्यातलं जेवण काय असतंय ते मला ठाऊक आहे की. काळजी करू नका, वहिनी, सगळं नीट होतंय.” आम्ही ज्या बाजूला जात होतो त्या बाजूला मोठा दवाखाना होता. डबा रोज त्या वाटेने जातो म्हणजे दवाखान्यात कोणीतरी आहे, आणि आमच्या घरचं दवाखान्यात असणार ते कोण, तर मंद्रूपची पाय गेलेली अक्का. गल्लीने हे सगळं आपल्या मनाशी जुळवलं होतं. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून महिनाभर कोणी चकार शब्द काढला नव्हता.

आईने तिथंच सांगायला हवं होतं. एवढं एक वाक्य, की अहो, कोणी आजारी नाही. ती पातेलं हातात धरून उभी राहिली, तिचे ओठ हललेसुद्धा, आणि मग ती नुसती ‘हं’ म्हणाली. कोपरा ओलांडल्यावर मी तिच्याकडे बघितलं. “उद्या सांगते,” ती म्हणाली. तो भात मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून खाल्ला. आईला भात चालत नव्हता आणि टाकायचा कसा?

मग ते उद्या रोज पुढे गेलं. जितके दिवस जात तितकं सांगणं अवघड होई. शेजारच्या घरून रव्याची खीर आली, कुणाकडून मुगाचं वरण आलं, कुणी ताकाची कढी दिली. ते सगळं मी खाल्लं. अक्कामावशीच्या त्या आजारपणावर मला चांगलंच बाळसं आलं. रिकामी पातेली आम्ही घासून परत करायचो आणि काकू विचारायच्या, गेलं का थोडं पोटात? आई मान हलवायची. ती खाली बघत चालायला लागली होती. दादांना गल्लीतले लोक म्हणायचे, धीर सोडू नका, आणि त्यांना वाटायचं की हे आईच्या साखरेबद्दल बोलताहेत. ते सगळ्यांचे मनापासून आभार मानायचे. मग एक दिवस कळलं की कमळाकाकूंनी अक्कामावशीसाठी सोमवार धरलेत. दिवसभर पाण्यावर राहायच्या, संध्याकाळी सिद्धेश्वराला जाऊन यायच्या आणि मग भाकरतुकडा खायच्या. ते ऐकलं त्या दिवशी आई जेवली नाही.

एका सकाळी आम्ही सात रस्त्याहून परतत होतो, तेवढ्यात अक्कामावशी टांग्यातून गल्लीत उतरली. तिच्या शेतातल्या शेंगा निघाल्या होत्या, त्यांचं पोतं बहिणीला द्यावं आणि चार दिवस राहावं म्हणून ती पहिल्या एस.टी.ने आली होती. पुढचं आम्ही नंतर ऐकलं. कमळाकाकू धावल्या, तिचा हात धरला आणि म्हणाल्या, सोडलं का हो दवाखान्यातून? अक्कामावशी म्हणाली, “कुटल्या? मी तर कालपतुर शेंगा तोडत हुते की.” आम्ही वळणावर आलो तेव्हा आमच्या कट्ट्यावर अक्कामावशी कुबड्या टेकून बशीतून चहा पीत होती आणि भोवती गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका उभ्या होत्या. आई जागच्या जागी थांबली. कमळाकाकू पुढे आल्या, त्यांनी आईच्या हातातला डबा घेतला आणि कट्ट्यावर ठेवून उघडला. वरच्या ताळीत लुगड्याचे बोळे निघाले, मधलीतही तेच. खालच्या ताळीत ज्वारी. काकूंनी त्या ज्वारीत बोटं घातली, खाली काही आहे का बघितलं.

“मग मी सोमवार कुणासाठी केले, वहिनी?” त्या म्हणाल्या.

आईने सांगितलं. डॉक्टर, साखर, चालणं, सगळं एका दमात, मान खाली घालून सांगितलं. पण आता ऐकायला कोण तयार होतं? एकेक जण घरी गेली. दादा दारात येऊन सगळं ऐकत होते. ते आईवर रागावले नाहीत, कुणावरच कधी रागावत नसत. एवढंच म्हणाले की उद्यापासून नको, आणि सायकल काढून कचेरीत गेले. त्या दिवसापासून समोरचं दार आमच्या दाराला बोलेनासं झालं. आई पाण्यालासुद्धा अशी वेळ साधून जायची की नळावर कोणी नसेल. भोंगा व्हायचा, माझे डोळे उघडायचे, आई शेजारी जागी असायची. आम्ही दोघी छताकडे बघत पडून राहायचो. ज्या झोपेसाठी मी रोज रडले होते ती आता मिळत होती आणि मला ती नकोशी झाली होती.

चार दिवसांसाठी आलेली अक्कामावशी राहिली, कारण आईला ठेच लागली. न्हाणीच्या दगडावर अंगठा आपटला, एवढीशी जखम. पाचव्या दिवशीही ती ओलीच होती. आई सकाळच्या उन्हात अंगठा धरून बसली होती, मी शेजारी पाटावर शेंगा फोडत होते. अक्कामावशी कुबड्या सरकवत आली, आईच्या शेजारी टेकली आणि तिने आपल्या डाव्या पायावरचं लुगडं वर घेतलं. गुडघ्याखाली गुंडाळलेलं फडकं सोडलं. आईचा हात धरून तिने त्या थोटक्यावर ठेवला. तिथली कातडी गुळगुळीत होती.

“हितं काय हाय?” ती म्हणाली. “काय बी न्हाय. पर पाटंचं उठले की मला त्या पायाची बोटं खाजत्यात, शेवंते. न्हाय त्या पायाची. खाजवाया हात जातो आन् खाली नुसती वाकळ लागती.” तिने सोडलेलं फडकं मांडीवर घेतलं. “लोकं कुटं निघालीस म्हून इचारत्यात, म्हून तू घरात बसलीस व्हय? मला आता कोण बी इचारत न्हाय. कुटं बी निघाले तर लोकं म्हणत्यात, बस की हितंच.”

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने हात काढला नाही. अक्कामावशीने दुसऱ्या हाताने तिचा पदर नीट केला आणि सांगितलं की ही जखम भरून तुला चालताना बघितल्याशिवाय मी मंद्रूपला जात नाही.

जखम भरायला पंधरवडा लागला. त्या काळात डॉक्टर तीनदा येऊन गेले आणि दरवेळी पट्टी सोडताना मी वाकून बघायची. मग एका पहाटे भोंगा झाला आणि आईने मला हलवलं नाही; मीच आधी उठून चपला घालून बसले होते. बाहेर आलो तर अक्कामावशी घोंगडं पांघरून कट्ट्यावर बसलेली. आईचा हात सवयीने कोनाड्यातल्या डब्याकडे गेला होता, तो तिने मागे घेतला. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना. एकदा पदर धरला, एकदा बांगड्या वर सारल्या, मग हात तसेच सोडून दिले. समोर कमळाकाकू सडा टाकत होत्या. महिना होत आला होता, त्या आमच्याशी बोलल्या नव्हत्या. गल्लीत दुसरी एक बाई पाण्याला निघाली होती, तिने सवयीप्रमाणे विचारलं, कुठं निघालात?

आईच्या आधी अक्कामावशी कट्ट्यावरून मोठ्याने म्हणाली, “चालाया. पाय शाबूत ऱ्हावं म्हून.”

सगळ्या गल्लीने ऐकलं. कमळाकाकूंनी बादली खाली ठेवली. त्या आईकडे न बघता अक्कामावशीला म्हणाल्या, “माझे सोमवार मात्र फुकट गेले.”

“फुकट कशानं?” अक्कामावशी म्हणाली. “माज्यासाठीच केल्तंस न्हवं? मग मलाच मिळालं की. बग, ह्या साली शेंगा किती आल्यात.”

काकूंना हसू आवरेना. ते दाबायला त्यांनी पदर तोंडात धरला, पण खांदे हलत होते. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो, आणि मग नेहमीसारखे पुढे. त्या दिवशी सात रस्त्यावरून फिरताना आई हात हलवत चालत होती, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. आठवड्याभराने कमळाकाकूही आमच्याबरोबर यायला लागल्या. त्या मात्र पहिले कित्येक दिवस तेलाची बरणी घेऊन यायच्या. आईने त्यांना कधी हटकलं नाही.

अक्कामावशी त्यानंतर सहा-सात वर्षांनी गेली. मी शिकले, शाळेत मास्तरीण झाले, लग्न होऊन त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. दादा गेले. गिरणीचा भोंगा बंद झाला त्या सकाळी आई म्हणे वेळ चुकली समजून अंधारात अंथरुणावर बसून राहिली होती; मग उठली आणि गेली. आजारपणाचे काही दिवस सोडले तर तिने चालणं चुकवलं नाही. म्हातारपणी सात रस्ता जमेना, मग ती देवळापर्यंत जायची, मग कोपऱ्यापर्यंत. शेवटच्या वर्षी कोपरा हेच तिचं चालणं होतं आणि ती ते तासभर पुरवायची. मी तिला भेटायला पहाटेच जायची, कारण चालताना ती जे बोलायची ते घरात बोलायची नाही. माझी सवय कुठून आली असं लोक विचारतात. मी लावून घेतली नाही, मला आईची सोबत हवी होती.

आई गेली ती झोपेत, पहाटे, हृदयाने. शेवटच्या अंघोळीच्या वेळी पायांवर पाणी मीच घातलं. तिच्या टाचांना भेगा होत्या, तळवे राठ होते, उजव्या अंगठ्यावर त्या जुन्या ठेचेचा पांढरा वण होता. दहाही बोटं जागेवर होती. मी ती एकेक करून पुसली. मग तिला बाहेर आणून ठेवलं आणि गल्लीतल्या बायका पाया पडायला आल्या. सगळ्यांत शेवटी कमळाकाकू आल्या. त्यांचं वय झालं होतं, दोघी सुनांनी धरून आणलं होतं. त्या आईच्या पायांशी बसल्या, दोन्ही तळव्यांवर हात ठेवले. मग आईच्या तोंडाकडे बघून, स्वतःचं चालणं सुटल्यावर रोज सकाळी कट्ट्यावरून विचारायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, “कुठं निघालात, वहिनी?”

आणि मग सवयीने माझ्याच तोंडून गेलं, “चालायला.”